टायसन की बो? जुन्या लढती बघायला बसणाऱ्यांसाठी

बॉक्सिंगमधल्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाच्या, जुन्या लढती सलग बघायच्या ठरवल्या की सुरुवात माइक टायसनपासून करावी की रिडिक बोपासून, हा प्रश्न येतोच. दोघेही न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतले, दोघेही जगज्जेते, आणि दोघांचंही नाव निघालं की जाणकार हळहळतात.

कीर्तीत टायसन कितीतरी पुढे. विसाव्या वर्षी जगज्जेता; 1988 मध्ये मायकेल स्पिंक्सला त्याने 91 सेकंदांत आडवं केलं. त्याच वर्षी प्रशिक्षक केव्हिन रूनीला दूर केलं, आणि डोकं सतत हलतं ठेवून आत शिरण्याची ती शैली हळूहळू हरवली. पुढचं, टोकियोतली हार, बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंग, लढतीत इव्हँडर होलीफिल्डचा कान चावणं, हे ठाऊक असेलच.

मला एकच गोष्ट फार खटकत राहिली. टायसनच्या ऐन भरातल्या लढतींत समोरचा बहुधा लवकर पडतो, नाहीतर जीव वाचवायला मिठी मारतो. 1987 ची बोनक्रशर स्मिथविरुद्धची लढत पूर्ण बघा: बारा फेऱ्या, आणि रेफरी सारखा दोघांना सोडवतोय. घेरला गेल्यावर, जबर मार खाल्ल्यावर तो टायसन काय करतो, हे बघायलाच मिळत नाही. मिळतं ते टोकियोत, 1990 मध्ये बस्टर डग्लससमोर, आणि तोवर तो टायसन उरलेला नसतो. मग ‘रूनी असता तर’ हा वाद कितीही घाला, मिटत नाही.

बोचं तसं नाही. 13 नोव्हेंबर 1992, लास वेगास, समोर अपराजित जगज्जेता होलीफिल्ड. सहा फूट पाच इंचांचा माणूस अंगाला अंग भिडवून इतकं सफाईदार खेळतो, हेच नवल. प्रशिक्षक एडी फच यांची मेहनत त्यात दिसते. दहाव्या फेरीत अपरकटने, म्हणजे खालून वर हाणलेल्या ठोशाने, होलीफिल्ड डळमळतो, बो त्याला बदडतो, आणि फेरी संपायच्या आत होलीफिल्डच उलटून तुटून पडतो. बो ते सोसतो, अकराव्यात त्याला खाली पाडतो आणि गुणांवर जिंकतो. या माणसात काय होतं ते इथे सगळं दिसतं. म्हणून पुढचं बघवत नाही. महिनाभरात आव्हानवीर लेनॉक्स लुइसशी लढण्याऐवजी त्याने डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर्षभराने 235 पौंडांचा बो 246 चा होऊन आला आणि होलीफिल्डकडून हरला; व्यावसायिक कारकिर्दीतली एकुलती हार. 1996 मध्ये गोलोटाविरुद्ध दोनदा जिंकला, पण दोन्ही वेळा समोरचा कमरेखाली मारल्याने बाद झाला म्हणून. त्या लढतींत बोने खाल्लेला मार बघून मला फार वाईट वाटतं.

ठोशाची धडकी हवी असेल तर टायसनला तोड नाही, आणि आवडीचा प्रश्न आहे. तरी माझं ऐकाल तर 1992 ची ती लढत आधी बघा, मग होलीफिल्डशीच झालेल्या 1993 च्या आणि 1995 च्या लढती. टायसन त्यानंतर घ्या, आणि स्पिंक्सऐवजी 1987 च्या टोनी टकरविरुद्धच्या लढतीपासून. तिथे तो निदान बाराही फेऱ्या खेळताना दिसतो.