पाण्याकाठी, रानवाटेवर की तंबूत? लहान मुलांना घेऊन आधी कुठे जावं

सहा वर्षांच्या आतलं मूल घेऊन बाहेर पडायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'मुलांना काय आवडेल?' या वयाच्या मुलांना चिखलाचं डबकंही आवडतं, त्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरावरून काहीच ठरत नाही. बघायच्या गोष्टी दोन. सोबत मोठी माणसं किती आहेत, आणि डाव मध्येच मोडावा लागला तर किती लवकर मोडता येईल. पाण्याकाठी मोठ्यांचे डोळे अडकतात, रानवाटेवर पाठ आणि पाय, तंबूत झोप. यातलं तुमच्याकडे काय शिल्लक आहे, त्यावरून निवड करावी.

पाणी

पाण्याची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करू. दीड वर्षाचं आणि पाच वर्षांचं, अशी दोन भावंडं एकाच जागी तासन्‌तास रमतील अशी दुसरी जागा नाही. बादली आणि फावडं पुरतं. सामान एका जागी राहतं, कुणाला चालवत न्यावं लागत नाही, आणि रडारड सुरू झाली की गाशा गुंडाळायला पंधरा मिनिटं लागतात. डाव मोडण्याच्या कसोटीवर पाणी पैकीच्या पैकी गुण घेतं.

अडतं ते डोळ्यांपाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याची सगळी ताकद जाते आणि एका मिनिटाच्या आत ते खाली जाऊ शकतं, तेही माणसांच्या घोळक्यात. तान्ह्या मुलाला तर काही सेंटिमीटर पाणीही पुरतं. त्यामुळे इथे 'लक्ष ठेवणं' म्हणजे हात लांबवला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर असणं. चटईवर बसून अधूनमधून मान वर करणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे.

गंमत अशी की मोठी माणसं जास्त असली की धोका वाढू शकतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. यावर साधा तोडगा आहे: एक ठरावीक टोपी. ती ज्याच्या डोक्यावर, त्याचा मोबाइल पिशवीत आणि गप्पा बंद. पंधरा-वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि जाताना 'आता तू' असं तोंडाने म्हणायचं. पोरकट वाटतं खरं, पण कुणाची पाळी आहे यावर वाद उरत नाही.

समुद्र असेल तर आणखी एक फसवी गोष्ट असते. लाटा फुटणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कधी कधी शांत, गडदसर पाण्याची एक वाट दिसते. लहान मुलांसाठी हीच जागा बरी, असं कुणालाही वाटेल. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी पुष्कळदा तिथूनच जोराने आत परततं. ज्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत तो निवडावा, आणि नसतील तर मुलांसाठी वाळूवरच थांबावं. वाळूतला खड्डाही सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, कारण वरची कोरडी वाळू एकदम ढासळते. दंडाला लावायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे. बोटीत बसायचं असेल किंवा खोल पाणी जवळ असेल, तर मापाचं लाइफ जॅकेटच हवं. पोहायचे कपडे निळे किंवा पांढरे घेऊ नयेत, ते पाण्याखाली दिसत नाहीत. भडक नारिंगी सगळ्यांत बरा, फोटोत कसाही दिसो.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असं नाही, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि अंगभर सुती कपडे बरे. त्याहून मोठ्यांना किमान एसपीएफ ३०, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

रानवाट

वाटेवर डोळे थोडे सैल सोडता येतात. आधी कडे, उतार आणि पाणवठे नसलेली वाट निवडली असेल तर मूल चार पावलं पुढे पळालं म्हणून काळजाचा ठोका चुकत नाही. इथे बोजा पडतो तो पाठीवर आणि वेळेवर.

तीन वर्षांचं मूल चालायला निघालेलं नसतंच. मुंगळ्यांची रांग दिसली की ते उकिडवं बसतं. रांगेत एक पान आडवं ठेवतं. पहिला मुंगळा थबकतो, पानाच्या कडेने चाचपत फिरतो आणि वर चढतो. मग दुसरं पान. मोठ्यांच्या हिशेबाने पाव तासात पाऊणशे पावलं झालेली असतात. हीच त्याची सहल, हे ज्यांना पटत नाही त्यांनी रानवाट निवडू नये. टेकडीचा माथा गाठायचाच, असा पण करून निघालेला बाप आणि मुंगळ्यांपाशी बसलेलं लेकरू, यांच्यातली ओढाताण पाहणाऱ्यालाही नकोशी होते. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी माथा लागत नाही.

जाताना दुडुदुडु चाललेलं मूल परतताना चालत नाही, म्हणून हिशेब परतीचा करावा. तीन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १४ किलो असतं. पाठीवरची सांगाड्याची कॅरिअर तीनेक किलोची, त्यात दोन लिटर पाणी. म्हणजे १९ किलो, आणि हे ओझं हलतं, झोपलं की एका बाजूला कलतं, जागं असलं की तुमची टोपी ओढतं. बहुतेक कॅरिअरची वजनाची मर्यादा पट्ट्यावर छापलेली असते आणि तिच्यात बहुधा मूल आणि सामान दोन्ही धरलेलं असतं, ते घेण्याआधी वाचावं. बाळ आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, सांगाड्याची कॅरिअर नको. तोवर पुढे बांधायची मऊ कॅरिअर वापरावी, चेहरा सतत दिसेल आणि हनुवटी छातीला टेकणार नाही अशी. बाबागाडी सपाट, टणक वाटेवरच. तिच्यावर ऊन नको म्हणून कापड टाकू नये, आतली हवा कोंडून तापते.

चढताना तुम्हाला घाम फुटलेला असतो आणि पाठीवरचं मूल गारठत असतं, कारण ते हलत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वारा वेगळाच. हात गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेच्या मागे हात लावून बघायचं.

वाट निवडताना लोक लांबी बघतात. त्याहून महत्त्वाचं आहे ती गोल फिरून येणारी आहे की गेल्या वाटेने परतणारी. गोल वाट अर्ध्यावर पोचली की डाव मोडता येत नाही. मागे आणि पुढे सारखंच अंतर, आणि कडेवर झोपलेलं मूल. गेल्या वाटेने परतायचं असेल तर कुठूनही मागे वळता येतं, कुठे घसरडं आहे आणि कुठे सावली, हे माहीत झालेलं असतं. 'तेच तेच बघून मुलं कंटाळतील' ही मोठ्यांची भीती. मुलांना मघाचे मुंगळे अजून तिथेच आहेत का, हे बघायचं असतं. म्हणून पहिल्या दोन-चार वेळा गोल वाट नको, हे माझं ठाम मत आहे. वळायचंही मूल दमल्यावर नाही, रंगात असतानाच.

हरवण्याची भीती वाटेवर पाण्याकाठापेक्षा जास्त. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पालोमार डोंगरावर एक नऊ वर्षांचा मुलगा वाट चुकून दगावला. त्यानंतर तिथल्या शोधपथकातल्या लोकांनी मुलांना एक सोपी गोष्ट शिकवायला सुरुवात केली: हरवलास तर झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. तीन-चार वर्षांच्या मुलाला ही सूचना कळते. गळ्यात एक शिट्टी द्यावी आणि तीनदा वाजवायला शिकवावी. त्या दिवशी ती दिवसभर वाजेल, ते सोसावं.

तंबू

तंबूतली रात्र मी या दोघांच्या रांगेत बसवत नाही. रात्री दोन वाजता मूल रडायला लागलं तर डाव मोडणं म्हणजे अंधारात सगळं आवरून गाडी चालवणं. शिवाय तान्ह्याला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपता येत नाही, त्याला टणक, सपाट, वेगळी जागा लागते. थंडी कितीही असो, शेगडी, निखारे किंवा गॅस तंबूच्या आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि तंबूची चेन थोडी उघडी ठेवून भागत नाही. शेकोटीची राख दुसऱ्या दिवशी सकाळीही आतून गरम असते, आणि मुलं तिथे अनवाणी जातात. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतावं.

मग कोणी काय निवडावं?

मोठं माणूस एकच आणि मुलं दोन असतील तर रानवाट, तीही ओळखीची, छोटी. एकट्याने दोन मुलांना पाण्याकाठी सांभाळता येतं असं सांगणारे भेटतील, पण मुलं दोन दिशांना गेली की हाताचं अंतर एकालाच पुरतं. रांगतं बाळ असेल तरीही वाट, कारण वाळूवर ते मूठ मूठ वाळू तोंडात घालतं आणि कॅरिअरमध्ये निवांत झोपतं. मोठी माणसं तीन-चार, भावंडांच्या वयात बरंच अंतर आणि सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा, असा गोतावळा असेल तर पाणी. सगळ्यांना एकत्र ठेवणं दुसरीकडे जमत नाही, फक्त टोपीचा नियम कडक हवा. आजी-आजोबांना त्या पाळीत धरू नये, धावायची वेळ आली तर त्यांची पंचाईत होते.

पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी तीन वर्षांचं मूल घेऊन लांब वाटेवर जाऊ नये. चार-पाच वर्षांचं मूल बऱ्यापैकी चालणारं असेल आणि दोघं जण सोबत असाल, तर दोन्ही चालेल, हवामान बघून ठरवा. गडगडाट ऐकू आला तर मात्र पाणी आणि वाट दोन्ही सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही. तंबूची हौस असलीच तर पहिली रात्र घराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर काढावी, म्हणजे दोन वाजता उचलून आत नेता येतं.