कांदळ की तिवर? पानांतल्या टॅनिनचा हिशेब

खाजणात लागवड करायची आहे किंवा पाचोळा कुजण्याचा प्रयोग मांडायचा आहे, आणि कांदळ घ्यावा की तिवर इथं घोडं अडलंय, अशांसाठी हा आढावा. दोन्ही खारफुटीच, दोन्हींची पानं वर्षभर गळतात. पण त्या पानांतला नत्र पाण्याला कधी मिळतो यात बराच फरक आहे, आणि त्यात टॅनिनचा, म्हणजे पानातल्या तुरट द्रव्यांचा, मोठा हात आहे.

टॅनिन जास्त म्हणजे पाणी बिघडलंच, असं सरसकट धरून चालणारे बरेच भेटतात. मुळात टॅनिन नत्र संपवत नाही, अडकवून ठेवतं. कडक चहानं जीभ ओढल्यासारखी होते, कारण चहातली तशीच द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात. चिखलातही तेच चालतं. टॅनिन पानातल्या आणि पाण्यातल्या प्रथिनांना चिकटतं, जिवाणूंच्या पाचक विकरांनाही धरतं, आणि कुजण्याचा वेग मंदावतो.

कांदळाचं पिकलेलं पान खाऱ्या पाण्याच्या चंचुपात्रात टाकून बघा. एक-दोन दिवसांत पाणी तांबूस होतं. त्यात चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट) टाकला की काळपट पडतं. तिवराच्या पानाचं पाणी त्या मानानं फिकट राहतं. कांदळाच्या पानात टॅनिन भरपूर आणि कार्बनच्या मानानं नत्र कमी. त्यातही झाड पान गाळण्याआधी त्यातला बराचसा नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं. त्यामुळे जिवाणूंच्या वाट्याला सुरुवातीला नुसता कार्बन येतो. कार्बन-नत्राचा मेळ बसवायला ते भोवतालच्या पाण्यातला नत्र उचलतात. म्हणून कुजत्या पानातलं नत्राचं प्रमाण काही काळ उलट वाढत जातं. पाण्याला नत्र हवा म्हणून कांदळ लावणाऱ्यानं ही उसनवारी आधी लक्षात घ्यावी.

तिवराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पान मऊ, टॅनिन कमी, नत्र जास्त. कुजतं लवकर आणि नत्र सोडतंही लवकर. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण किनाऱ्यावर १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेतही तिवराचीच पानं कांदळवर्गीय पानांपेक्षा लवकर कुजली होती.

मग तिवरच बरा? पाणी कसं आहे ते आधी बघा. जिथं ओहोटीचा ओढ जोराचा आहे, तिथं झटपट सुटलेला नत्र तितक्याच झटपट समुद्रात जातो. अशा जागी कांदळाचा कंजूषपणा उपयोगी पडतो. पाण्याचा खारटपणा वाढला की टॅनिन कमी विरघळतं, प्रथिनांसह खाली बसतं, आणि त्यातला नत्र चिखलात राहून सावकाश सुटतो. फ्लोरिडात कांदळाच्याच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) लाल खारफुटीवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यात उतरलेल्या टॅनिनचं अर्धायुष्य एका दिवसापेक्षाही कमी निघालं. म्हणजे वाहत्या पाण्यात टॅनिन साचून राहील ही भीती फारशी खरी नाही.

बंदिस्त तळ्याची गोष्ट वेगळी. तिथं पाणी बदलत नाही, पानातून झिरपणारा कार्बन तिथंच कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. पान बुडाल्यापासून पहिल्या दोनेक आठवड्यांत त्यातला २० ते ४० टक्के सेंद्रिय कार्बन पाण्यात उतरू शकतो. कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर कांदळाची दाट रांग मी तरी लावणार नाही.

खेकडे हा हिशेबातला दुसरा वाटेकरी. पानं बिळात नेऊन टॅनिन उतरल्यावरच ते खातात, असं फार वर्षं सांगितलं गेलं. पुढच्या निरीक्षणांत ताजी पानंही खाणारे खेकडे आढळले. काहीही असो, ईशान्य ऑस्ट्रेलियातल्या एका कांदळवनात वर्षाच्या पानगळीपैकी सुमारे २८ टक्के पानं खेकडेच नेतात असं दिसलं होतं. ती पानं ओहोटीबरोबर बाहेर जात नाहीत. खेकड्यांची बिळं भरपूर असलेल्या जागी नुसत्या टॅनिनवरून अंदाज बांधू नये.

माझा कौल असा: भरतीचं पाणी रोज खेळतं आणि ओढ जोराचा आहे तिथं कडेला कांदळ, आत उंचवट्यावर तिवर. पाणी कोंडलेलं असेल तर तिवर, तोही विरळ.

प्रयोगवाल्यांनी दोन्ही जातींच्या पानांच्या जाळीदार पिशव्या भरतीच्या एकाच पातळीवर बांधाव्यात. एक जात वर आणि एक खाली बांधली तर पानातला फरक मोजला की पाण्याखाली राहण्याच्या वेळेतला, हे कळायला मार्ग उरत नाही. पानं ओव्हनमध्ये कडक वाळवू नका. उष्णतेनं काढता येण्याजोगं टॅनिन घटतं. फोलिन चाचणी सगळी फिनॉल एकत्र मोजते, म्हणून निव्वळ संघनित टॅनिनचा (कंडेन्स्ड टॅनिन, टॅनिनचा एक प्रकार) आकडा हवा असेल तर आम्ल-ब्युटेनॉल चाचणी करा, आणि तिचं प्रमाणद्रव्य (ज्याच्याशी तुलना करून मोजतात ते टॅनिन) शक्यतो त्याच जातीच्या पानांपासून तयार करा.