काल्डरची चलशिल्पं: मोटरवरची की वाऱ्यावरची?

अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर १९२६ मध्ये पॅरिसला गेला, तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी त्याच्या गाठीशी होती. तिथे त्यानं तारेची सर्कस उभारली, पक्कडीनं तार वळवून नर्तकी जोसेफिन बेकर साकारली. १९३० मध्ये अमूर्त चित्रकार मोंद्रियानच्या स्टुडिओत भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून त्याला वाटलं, हे हलायला हवेत. (मोंद्रियानला मुळीच पटलं नाही.)

पण हलवायचे कसे? सुरुवातीला काल्डरनं मोटरी वापरल्या. १९३४ च्या ‘अ युनिव्हर्स’मध्ये दोन गोळे तारेच्या वळणांवरून वेगवेगळ्या गतीनं सरकतात. सगळं शिल्पकाराच्या हातात. पण फेरी संपली की पुन्हा तेच, शिवाय मोटर झिजते ती वेगळीच.

दुसरा मार्ग मोटरीऐवजी वाऱ्यानं हलवण्याचा. वाऱ्यावरच्या शिल्पात खरी करामत तोलाची. आडव्या तारेच्या एका टोकाला पत्र्याचं पान, दुसऱ्या टोकाला पुढची तार. जड बाजू टांगणीच्या बिंदूजवळ, हलकी लांब. बाजारातल्या तागडीला दोन्ही हात सारखे लागतात, इथे नाहीत. जुळणी खालून वर करत जायची, कारण खालचं सगळं वजन वरच्या तारेच्या एका टोकाला येतं. १९३९ चं ‘लॉबस्टर ट्रॅप अँड फिश टेल’ न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात जिन्यावर टांगलंय. हवेच्या झुळकीनं प्रत्येक फांदी आपापली फिरते.

मला विचाराल तर वाराच. काल्डरही बहुतांशी तिकडेच वळला. मोटर मात्र एका बाबतीत सरस: बंद, निवांत दालनात वाऱ्यावरचं शिल्प नुसतं लटकत राहतं.