किल्ला: मातीचा की विकतचा?
दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा रविवार. ओट्यावर चकलीची भाजणी, माळ्यावरचे डबे खाली आणि दोन्ही पोरांचा एकच धोशा: किल्ला कधी?

पुण्यात कुंभारवाड्यात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. रिक्षात मांडीवर धरून आणा, गॅलरीत ठेवा, मावळे मांडा. अर्ध्या तासात काम फत्ते. फरशी स्वच्छ, आई खूश. पण दुसऱ्या दिवशी पोरं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मातीच्या किल्ल्याला अख्खा दिवस जातो. विटा-दगड रचा, वर भिजवलेलं गोणपाट टाका, त्यावर चिखल थापा. चिखल सैल झाला की बुरूज खाली बसतो आणि थोरला तो तिसऱ्यांदा उभारतो. आळीव मात्र आजच पेरायला हवेत. हिरवे व्हायला चार-पाच दिवस लागतात. भिजल्यावर ते बुळबुळीत होतात, ते बोटांना लावून धाकटी घरभर फिरते. (न्हाणीघराची जाळी तुंबते, ते वेगळंच.)

गॅलरीच नसेल तर विकतचा आणा, त्यात कमीपणा नाही. आम्ही मातीचाच करतो. गेल्या वर्षी महादरवाज्यावर पहाऱ्याला प्लास्टिकचा डायनासोर होता.