शालेय चुंबकपेटी: कंकणं उत्तम, पट्ट्या मात्र तपासूनच घ्या

म्हापसा, पणजी, मडगावच्या शालेय साहित्याच्या दुकानांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी चुंबकांची एक पेटी मिळते. किंमत साडेसहाशे रुपयांच्या घरात. आत 75 मिलिमीटर लांबीचे दोन पट्टीचुंबक, एक नालाकृती चुंबक, चार काळी फेराइट कंकणं (मधे भोक असलेले गोल, लोहभस्माचे चुंबक) आणि ती ओवायचा दांडा, दोन छोटी होकायंत्रं, 50 ग्रॅम लोखंडाचा कीस, वेगवेगळ्या पदार्थांच्या सहा पट्ट्या, दोरा आणि घडीचं माहितीपत्रक. झाकणावर नाव कुणाचंही असो, आतला माल बहुतेक सारखाच. पेटी घेण्यासारखी आहे, पण दुकानातून थेट वर्गात नेण्यासारखी नाही. मधे एक संध्याकाळ तपासणीला द्यावी लागते.

सगळ्यात मोठा दोष पट्टीचुंबकांच्या रंगात सापडतो. लाल टोक उत्तर ध्रुव, निळं टोक दक्षिण ध्रुव, हा संकेत. रंगवलेल्या पट्टीचं चुंबकन करताना, म्हणजे तिला चुंबक बनवताना, ती उलटी लागली की लाल टोक दक्षिण ध्रुव बनून बाहेर येतं, आणि ते नुसतं पाहून कुणालाच कळत नाही. तपासलेल्या एका पेटीत दोनपैकी एक पट्टी अशी उलटी निघाली. हा दोष किरकोळ मानू नये. लाल टोक लाल टोकाजवळ नेल्यावर ती टोकं एकमेकांना चिकटतात, फळ्यावर मात्र ‘सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण’ असं लिहिलेलं असतं. अशा वेळी मूल चुंबकावर शंका घेत नाही, स्वतःच्या हातावर घेतं. बरोबर केलेला प्रयोग चूक ठरवायला मुलाला शिकवण्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

तपासणी सोपी आहे. कागदाची छोटी झोळी करून पट्टी तीत आडवी ठेवा आणि पीळ नसलेल्या दोऱ्याने टांगा. पेटीतला दोरा पिळाचा आहे, तो उलगडत राहतो आणि पट्टी फिरवत राहतो. त्याऐवजी शिवणाच्या दोऱ्याचे तीन-चार पदर न वळता एकत्र घ्या. पंखा बंद हवा, लोखंडी कपाट आणि बाकाची चौकट मीटरभर लांब. दोन-तीन मिनिटांत पट्टी स्थिरावते. लाल टोक उत्तरेला, पेडण्याच्या दिशेला, आणि निळं दक्षिणेला, काणकोणच्या दिशेला राहिलं तर रंग बरोबर. उलट असेल तर पट्टी टाकू नका, रंग बदला. नेलपॉलिशही चालतं.

रंग पटला की ताकद पाहा. होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा आणि पट्टीचुंबक पूर्व-पश्चिम रेषेत, टोक होकायंत्राकडे करून, हळूहळू जवळ सरकवा. होकायंत्राची सूची (सुई) उत्तरेपासून 45 अंश वळली की थांबा आणि चुंबकाच्या मध्यापासून होकायंत्राच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. त्या ठिकाणी चुंबकाचं क्षेत्र आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सारखे झालेले असतात. हे अंतर पेटीच्या झाकणात आतून लिहून ठेवा आणि दर सत्राला पुन्हा मोजा. क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं, त्यामुळे 20 सेंटीमीटरचे 16 झाले तर ढोबळमानाने चुंबकाची ताकद निम्म्यावर आली असं समजावं. स्वस्त पेटीत पट्ट्या साध्या पोलादाच्या असतात. फरशीवर चार वेळा पडल्या, किंवा सजातीय टोकं शेजारी ठेवून डब्यात कोंबल्या, की त्या झपाट्याने कमजोर होतात. अल्निकोच्या (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या) पट्ट्या जास्त टिकतात. सुट्या मिळत असतील तर वरचे पैसे त्यांवर घालणं योग्य.

ठेवण्याची पद्धत माहितीपत्रकात एका ओळीत उरकली आहे, ती नीट सांगायला हवी. दोन पट्ट्या समांतर, मधे लाकडाची चीप, एकीच्या उत्तर टोकाशेजारी दुसरीचं दक्षिण टोक, आणि दोन्ही बाजूंच्या टोकांवर नरम लोखंडाचा एकेक तुकडा आडवा. हे तुकडे म्हणजे चुंबकरक्षक. त्यांतून बलरेषांची बंद वाट तयार होते आणि टोकांपाशी होणारं विचुंबकन थांबतं. आपल्याकडे पावसाळ्यात रक्षकांवर गंजाचा थर येतो आणि तुकडा टोकाला नीट टेकत नाही. महिन्यातून एकदा पॉलिश पेपरने घासून तेलाचा हलका हात फिरवा.

पेटीतलं खरं सोनं म्हणजे चार कंकणं. दांड्यात ओवून एकाआड एक उलटी ठेवली की वरची तीन तरंगतात. मुलांना इथे हमखास अडचण येते ती ध्रुव शोधताना. ती कडेवर ध्रुव शोधतात, पण या कंकणांचे ध्रुव सपाट तोंडांवर असतात. दुसरी गोष्ट, मधली अंतरं सारखी नसतात: सर्वांत खालचं सर्वांत कमी, सर्वांत वरचं सर्वांत जास्त. खालच्या फटीवर वरच्या तिन्ही कंकणांचा भार असतो, वरच्या फटीवर एकाचाच. कारण मुलांकडूनच काढून घ्या, सांगू नका. मग पूर्ण दांडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, मधे लाकडाचा जाड ठोकळा घालून, ठेवा आणि तरंगणारी कंकणं उचलण्याआधी व नंतर आकडा पाहा. तरंगणाऱ्या कंकणाचं वजनही काट्यावर पूर्ण उमटतं. मोठ्यांनाही याचं आश्चर्य वाटतं. पेटीतला प्लास्टिकचा दांडा वाकतो आणि कंकणं अडकतात, त्याऐवजी बांबूची गुळगुळीत काठी वापरा. लोखंडी सळी मुळीच नको.

फेराइट ठिसूळ असतं, त्यामुळे एखादं कंकण फुटणारच. फुटलं तर फेकू नका. दोन्ही अर्धुकं जुन्या जागी जोडायला जा, ती एकमेकांना दूर ढकलतात, आणि एक उलटं केलं की चिकटतात. प्रत्येक अर्धुकाच्या एका तोंडावर उत्तर, दुसऱ्यावर दक्षिण ध्रुव शाबूत असतो. चुंबक तोडून एकटा ध्रुव मिळत नाही, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ते फुटलेलं कंकण हातात देणं हजार पट चांगलं.

होकायंत्रं मध्यम दर्जाची. त्यांचा नेहमीचा आजार म्हणजे सूची उलटी होणं, आणि त्याचं कारण पेटीची रचनाच आहे: होकायंत्राचा खण चुंबकांच्या खणाला चिकटून. आणल्या दिवशीच ती काढून वेगळ्या डबीत, चुंबकांपासून हातभर लांब ठेवा. सूची उलटलीच असेल तर होकायंत्र तिरपं धरून ती काचेला टेकवून अडकवा. मग चुंबकाचा दक्षिण ध्रुव सूचीच्या मध्यावरून तिच्या उत्तर दाखवायच्या टोकाकडे सरकवत बाहेर काढा. तीन-चार वेळा केलं की सूची ठिकाणावर येते. वर्गातली स्टीलची बाकं आणि स्लॅबमधल्या सळ्याही सूचीला ओढतात, म्हणून दिशा पाहायचा प्रयोग मैदानात करावा. हे मुलांना पटवायला एक उदाहरण जवळचंच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींसाठी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली, आणि तिच्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळलं.

लोखंडाचा कीस हा आपल्या हवेतला सर्वांत अल्पायुषी जिन्नस. जुलैपर्यंत त्याचे तांबडे गोळे होतात, आणि गंज चुंबकाकडे जवळजवळ ओढला जात नाही, त्यामुळे बलरेषा उमटत नाहीत. रुंद तोंडाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. वापरताना चुंबक खाली, त्यावर जाड पुठ्ठा किंवा ॲक्रिलिकची पट्टी, वरून चिमूटभर कीस आणि पेन्सिलने हलके टिचके. कीस थेट चुंबकावर पडला तर निघता निघत नाही. चुंबक आधी पातळ पिशवीत घालण्याची सवय लावा, म्हणजे पिशवी उलटी केली की काम झालं.

पदार्थांच्या पट्ट्या निवडताना विचार केलेला दिसत नाही. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लाकूड, प्लास्टिक एवढंच. निकेल नाही, आणि माहितीपत्रकात तर ‘चुंबक धातूंना ओढतो’ असं धडधडीत चुकीचं वाक्य आहे. ही उणीव घरच्या वस्तूंनी भरून काढा. सध्याची ₹1 आणि ₹2 ची पोलादी नाणी चिकटतात. जुनं जाड पांढरं ₹5 चं नाणं चिकटत नाही, जरी त्यात 25 टक्के निकेल असलं तरी, कारण उरलेल्या तांब्यात मिसळल्यावर निकेलचा तो गुण राहत नाही. स्टीलचं तसंच: 304 प्रतीचं भांडं सहसा चिकटत नाही, 430 प्रतीचं चिकटतं, आणि दोन्ही खरं स्टीलच. डिचोली-सांगे या खाणींच्या भागातली मुलं लोहखनिजाचा खडा आणतात आणि तो चिकटत नाही म्हणून हिरमुसतात. आपलं खनिज मुख्यतः हेमेटाइट, त्यावर चुंबकाचा परिणाम फार क्षीण होतो. उलट किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूच्या रेघेवरून पिशवीतला चुंबक फिरवला तर मॅग्नेटाइटचे कण असल्यास ते झुबक्याने उभे राहतात.

आणि एक चाचणी माहितीपत्रकातून पार सुटली आहे. आकर्षणावरून वस्तू चुंबक असल्याचं सिद्ध होत नाही, कारण लोखंडही चिकटतं. खात्री फक्त प्रतिकर्षणाने होते. प्रतिकर्षण पाहायला दुसरा चुंबक नसेल तेव्हासाठी एक कोडं: पेटीतला पट्टीचुंबक आणि तेवढ्याच आकाराची लोखंडी पट्टी कागदात गुंडाळून मुलांना द्या, तिसरं काही न वापरता चुंबक ओळखायला सांगा. उत्तर: एकीचं टोक दुसरीच्या मध्यावर टेकवा. जोरात चिकटलं तर हातातली चुंबक, कारण चुंबकाच्या मध्यावर जवळजवळ ओढ नसते.

काही दुकानदार वर दोन-चार चमकदार नियोडिमियमच्या गोळ्या भेट देतात. त्या परत करा. दोन गोळ्या मुलाच्या पोटात गेल्या तर आतड्याच्या घड्या त्यांच्यात चिमटून भोक पडू शकतं. तसा नुसता संशय आला तरी घरी वाट न पाहता मुलाला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावं.

तीस मुलांच्या वर्गाला दोन पेट्या आणि बारा सुटी कंकणं पुरतात. पैसे देण्याआधी काउंटरवरच दोन पेट्यांतल्या पट्ट्या काढून सर्व लाल टोकं एकमेकांजवळ नेऊन पाहा. एखादी चिकटली तर तिथेच बदलून मागा.