बंद पडलेल्या टीमचा रिव्ह्यू: कोचिंगला ५ पैकी ५, कारभाराला दीड

आमच्या पोराच्या अमेरिकन फुटबॉल क्लबातली मुलांची टीम बंद झाली, मोठ्यांची कशीबशी चालू आहे, त्यामुळे नाव लिहून कोणाचा फायदा नाही. तरी लिहितेय, कारण इंग्लंडात राहणारे आपले बरेच लोक विचारतात की पोराला एनएफएलचं (अमेरिकेतली या खेळाची व्यावसायिक लीग) वेड लागलंय, घालू का कुठे. घाला, पण आधी हे वाचा.

चांगलं आधी सांगते. कोचिंग एक नंबर होतं. सुरुवातीला कितीतरी आठवडे हेल्मेट-पॅड्स दिलेच नाहीत, पोरं रोज भुणभुण करायची, पण कोचचं एकच, आधी टॅकल करताना डोकं कुठे ठेवायचं ते शिका मग किट. आयांना हे ऐकून किती बरं वाटतं ते आयांनाच कळेल. आणि या खेळात सगळ्या अंगलटीची पोरं लागतात, शाळेत पीईला ज्याला कोणी आपल्यात घ्यायचं नाही तो जाडा पोरगा इथे लाइनमन, म्हणजे पुढे उभा राहून समोरच्यांना अडवणारा झाला आणि त्याच्याशिवाय क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मैदानात पाऊल टाकेना. आमचा काडीपैलवान रिसीव्हर, पळत जाऊन बॉल झेलणारा. प्लेबुक, म्हणजे टीमच्या डावपेचांची वही, पाठ करायचा, म्हणजे इतिहासाच्या सनावळ्या लक्षात राहत नाहीत पण कुठल्या प्लेला कुठे पळायचं ते झोपेत सांगेल.

फी महिन्याला २५ पाउंड, वर किटचं डिपॉझिट. रग्बी किंवा साध्या फुटबॉलपेक्षा महाग वाटेल पण हेल्मेट आणि शोल्डर पॅड्स क्लबचे होते, ते स्वतः घ्यायचे म्हटले तर शेकड्यांत जातं. माउथगार्ड, बूट, गर्डल (आत घालायची पॅडवाली चड्डी) आपलं आपण.

पहिल्या सीझनला सपाटून मार खाल्ला, दुसऱ्या सीझनला जिंकायला लागले. त्यात टॉटनहॅमच्या स्टेडियममधल्या एनएफएल मॅचेस, आणि कोच सगळ्यांना एफे ओबाडाची गोष्ट सांगायचे, की हा पोरगा लंडन वॉरियर्स या इथल्या हौशी क्लबाकडून जेमतेम काही मॅच खेळला आणि २०१५ला एनएफएलच्या डॅलस काउबॉयजने उचलला, पुढे कॅरोलायना पँथर्सकडून खेळला. झालं, प्रत्येक घरात एक ओबाडा. ट्रायलला इतकी गर्दी की हेल्मेट पुरेनात.

आणि तिथूनच घसरण सुरू झाली असं माझं मत आहे, हरत होतो तेव्हा नाही. पोरं वाढली, मोठी माणसं तेवढीच राहिली. इथे सगळे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे, पगार कोणालाच नाही. होम मॅच म्हणजे रेफरी बुक करा, मेडिकल कव्हर बघा (ते नसेल तर मॅच होतच नाही), रग्बी क्लबाचं मैदान भाड्याने घ्या, सकाळी लवकर जाऊन रेषा मारा, बॉल किती पुढे गेला ते मोजायची साखळी धरायला बाजूला माणसं उभी करा, माझा नवरा नियम न कळता वर्षभर साखळी धरून उभा होता. मुलांबरोबर नियमित काम करायचं तर डीबीएस चेक, म्हणजे पोलीस रेकॉर्डची तपासणी, ती पूर्ण होईपर्यंत नवीन कोच ट्रेनिंगला नुसताच लांबून बघणार. हे सगळं हेड कोच एकटे बघायचे. एकखांबी तंबू. त्यांची नोकरी दुसऱ्या गावात गेली आणि कारभार हाती घेतलेल्या मंडळींना साधा ईमेलला उत्तर द्यायचा उरक नाही.

मग सगळंच एकदम अंगावर आलं. सीझन उन्हाळ्यातला, मे-जूनमध्ये जीसीएसई आणि ए लेव्हलच्या परीक्षा (आपल्या दहावी-बारावीसारख्या), नेमकी मोठी पोरं गायब. अठरा झाली की ती युनिव्हर्सिटीत जाणार आणि तिथल्या टीमकडून खेळणार, त्यात वाईट काही नाही, पण खालून पोरं तयार नसतील तर टीम एका उन्हाळ्यात रिकामी होते. सगळ्यात चांगला एक पोरगा लफबरा गावात एनएफएलची मुलांसाठी अकॅडमी आहे तिथे गेला, त्याचं कौतुकच आहे. मुलांच्या मॅचमध्ये एका बाजूला ११ नसतात, ५ किंवा ९ असतात, तेवढीही जमेनात. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज, मॅच सोडून दिली. असं दोनतीनदा झाल्यावर आलेली पोरंही यायची बंद झाली.

हे आमच्याच क्लबाचं नाही म्हणा. या देशाला या खेळाची लाट येते आणि ओसरते. १९८२ला चॅनल ४ने दाखवायला सुरुवात केली, १९८६ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये बेअर्स-काउबॉयज ही एनएफएल टीम्सची मॅच झाली, गावोगावी टीम निघाल्या आणि बऱ्याचशा गेल्याही. लंडन मोनार्क्स ही इथली व्यावसायिक टीम १९९१ला वेम्बलीत वर्ल्ड बोल, म्हणजे त्यांच्या लीगची फायनल जिंकली, ६१ हजारांवर लोक होते म्हणे, आणि १९९८नंतर टीमच नाही. वरून पैसा आणि झगमगाट येतो पण मंगळवारी पावसात ट्रेनिंगसाठी मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडणारा माणूस त्यातून मिळत नाही.

माझी खरी तक्रार दोन गोष्टींची. एक, डिपॉझिट अजून परत नाही. दुसरी जास्त गंभीर, शेवटच्या सीझनला हेल्मेटं जुनी होती आणि शेवटचं रिकंडिशनिंग (तपासून दुरुस्ती) कधी झालं विचारलं तर कोणालाच माहीत नाही. आत स्टिकर असतो, त्यावर वर्ष असतं, स्वतः बघा, लाजू नका. दहा वर्षांच्या वरचं असेल तर पोराच्या डोक्यावर चढवू देऊ नका.

घालायच्या आधी हेही विचारा की अंडर १६ची वेगळी टीम आहे का, आणि हेड कोच उद्या सोडून गेले तर कोण. दुसऱ्या प्रश्नाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले तर मोठी फी एकदम भरू नका, महिन्याची भरा. पोरगं लहान असेल तर आधी फ्लॅग फुटबॉल, त्यात टॅकल नाही, नुसती कमरेची पट्टी ओढायची, किटचा खर्च जवळपास नाही, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे म्हणून सध्या त्याला जोरही आहे. आमचा आता तेच खेळतो, जरा लांब जावं लागतं, पण मॅच ठरली की होते.