ड्रोनने हवेचं सॅम्पलिंग: सर्व्हिस चांगली, पण काही गोष्टी आधी विचारा

आमच्या सोसायटीने तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्याजवळची हवा तपासायला एका छोट्या कंपनीची ड्रोन सर्व्हिस घेतली, आणि खरंच सांगते, काम मस्त केलं पोरांनी. सगळ्यात आवडलं ते म्हणजे पंख्यांच्या वाऱ्याने आजूबाजूची हवा ढवळली जाते म्हणून हवा ओढायची नळी त्यांनी लांब दांडीवर, पंख्यांपासून दूर लावली होती, हे नसेल तर रिपोर्टवर कितपत विश्वास ठेवायचा? ड्रोनवरचा सेन्सर एकूण व्हीओसी (हवेत सहज उडून मिसळणारी सेंद्रिय रसायनं) किती तेवढंच दाखवतो, त्यात बेंझिन किती टोल्युइन किती ते कळत नाही, म्हणून आकडा वाढला की तिथेच पंप चालू करून सॉर्बंट ट्यूबमध्ये (रसायनं धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीत) सॅम्पल घेतात आणि मग लॅबमध्ये जीसी-एमएस, म्हणजे एकेक रसायन वेगळं करून ओळखायची चाचणी, करतात. बॅटरी मात्र पटकन संपते. आणि बेंझिनचं 5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर हे आपल्याकडचं मानक वर्षभराच्या सरासरीचं आहे, काही मिनिटांच्या सॅम्पलशी त्याची थेट तुलना होत नाही, हे रिपोर्टमध्ये ठळक लिहायला हवं होतं, एक स्टार त्यासाठी कमी. वारा जिकडून येतो त्या बाजूचंही सॅम्पल घ्यायला लावाच, नाहीतर वास नेमका कुठून येतोय ते दाखवणार कसं.